सत्तेचाळीस ऐकलं, चौऱ्याहत्तर लिहिलं : समाजभवनातल्या प्रकल्पाच्या नोंदी

२९ जून २०२५

प्रकल्प कशाचा ते आधी लिहून ठेवतो, पुढे फाटे फुटणारच आहेत. नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या समाजभवनात संध्याकाळी दुसरी ते सातवीची पोरं अभ्यासाला बसतात. शाळा आत्ताच उघडल्यात (विदर्भात ऊन उतरल्याशिवाय उघडत नाहीत), त्यामुळे गर्दी आहे. दुसरी-तिसरीच्या पोरांना मी आकडे सांगतो, ती वहीत लिहितात. 'सत्तेचाळीस' म्हटलं की काही जण ७४ लिहितात. 'त्रेसष्ट'चे ३६ होतात. घरी याला 'लक्ष नाही' म्हणतात, शाळेत 'कच्चा आहे' म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. लक्ष नसलेल्या पोराच्या चुका कशाही पडतील. या चुका एका साच्यातून निघाल्यासारख्या आहेत.

तो साचा माझ्या ओळखीचा आहे. बँकेत कॅशवर बसलेल्या माणसाची संध्याकाळी टॅली लागली नाही, की तो आधी फरक नऊने भागून पाहतो. पूर्ण भाग गेला तर कुठंतरी शेजारचे दोन अंक उलटे पडलेत असा संशय घ्यायचा. ७४ उणे ४७ सत्तावीस. नऊ त्रिक सत्तावीस. हा 'तीन' म्हणजे उलट्या पडलेल्या अंकांमधला फरक, सात वजा चार. मग सगळी व्हाउचरं चाळत बसायची गरज नाही, तीनचा फरक असलेले शेजारी अंक तेवढे शोधायचे. दहाच्या जागचा अंक एककात गेला की किंमत त्या अंकाच्या नऊपट घटते आणि एककातला दशकात गेला की त्याच्या नऊपट वाढते, एवढंच त्यामागचं गणित.

तर या वर्षी चुका नुसत्या लाल करायच्या नाहीत, त्यांचे प्रकार लावायचे. भाची मानसशास्त्रात एम. ए. करतेय. तिचा फोनवरून हुकूम: "मामा, किती चुकलं ते सोडा. काय ऐकलं आणि काय लिहिलं, दोन्ही शेजारीशेजारी लिहून ठेवा." पोरांची नावं वहीत नाहीत, प्रत्येकाला एक अक्षर दिलंय.

२ जुलै

पहिलं अंकलेखन. सांगताना प्रत्येक आकडा एकदाच, सावकाश. मी वही बघितली नाही, पेन्सिली बघितल्या.

बघण्यासारखं सगळं तिथंच होतं. 'क' (तिसरी) 'अठ्ठावन्न' ऐकतो, 'अठ्ठा' कानावर पडताच ८ लिहून मोकळा होतो, आणि 'वन्न' आल्यावर ५ त्याच्या उजवीकडे टाकतो. ८५. 'च' ही मुलगी हुशार. तीही ८ आधीच लिहिते, पण डावीकडे जागा सोडून, आणि मग मागे येऊन ५ बसवते. उत्तर बरोबर, वही नीटनेटकी, शिक्षकाला कधी कळणारही नाही की तिनं आकडा उजवीकडून डावीकडे लिहिला. 'ट' मात्र पूर्ण शब्द संपेपर्यंत पेन्सिल उचलूनच धरतो, ओठ हलवतो, मग ५८. तीन पोरं, तीन वाटा. उत्तरावरून फक्त पहिल्याची वाट दिसते.

'क'ला विचारलं, असं काऊन लिहिलं? म्हणाला, "तुम्ही आठ आधी म्हटलं ना आजोबा! पन्नास तं मागून आला."

याला काय उत्तर देणार. आपण बोलतो एकक-दशक आणि लिहितो दशक-एकक. अकरापासून अठ्ठ्याण्णवपर्यंत, पूर्ण दशक आणि 'एकोण'वाले सोडले तर, सगळीकडे सुटे आधी आणि दशक नंतर. दोनशे सत्तेचाळीस म्हणताना तर शतक, एकक, दशक असा क्रम होतो. लिहिणाऱ्याला मधलं आणि शेवटचं मनात अदलाबदल करून घ्यावं लागतं.

वर शब्दही एकसारखे नाहीत. दोन हा अंक बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याऐंशीत 'ब्या'. पन्नासचं एकदा 'वन्न' होतं, एकदा 'पन्न'. सत्तरचं 'हत्तर'. ज्याला हे पाठ नाही त्याला 'चौऱ्याहत्तर' फोडून अर्थ लावता येत नाही, अख्खाच गिळावा लागतो.

६ जुलै

भाचीनं लेख पाठवले. रविवार त्यात गेला.

ही भानगड आपल्या एकट्याची नाही. जर्मनमध्ये ४७ म्हणजे 'सात आणि चाळीस', डचमध्ये तसंच, अरबीतही तसंच. २००९ साली झुबर आणि तिच्या सहकाऱ्यांनी जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना आकडे लिहायला सांगितले. झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतं, पण तेरा ते एकोणीस तिथंही उलटेच आहेत.

चिनी भाषेत ४७ म्हणजे 'चार-दहा-सात', लिहिल्यासारखंच. मिलर आणि मंडळींनी १९९५ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांची मोजणी ताडून पाहिली. दहापर्यंत दोघं बरोबरीनं, अंतर पडतं ते दहाच्या पुढे. असे निकाल वाचले की 'भाषाच विचार घडवते' म्हणणाऱ्यांना जोर चढतो. माझा हात आखडतो. चीनमधलं घर वेगळं, शाळा वेगळी, आईबापाचा धाक वेगळा; फरक शब्दांचाच कशावरून?

म्हणून मला सगळ्यात आवडला तो चेक भाषेवरचा, २०११ चा अभ्यास. चेकमध्ये पंचवीसला दोन नावं आहेत, एक 'वीस पाच' आणि दुसरं 'पाच-वीस', आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातली. म्हणजे मूल तेच, शाळा तीच, घर तेच. पिक्सनर आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांना दोन्ही नावांनी आकडे सांगितले. उलटापालटीच्या चुका मुख्यतः उलट्या नावांच्या वेळी झाल्या. इथं चिनी घराची सबब चालत नाही.

आणि नॉर्वे. तिथं सरकारनं १९५१ मध्ये अख्ख्या देशाला दशक-आधी मोजायला लावलं. मागणी आली होती तार-टेलिफोन खात्याकडून, कारण तोंडी सांगितलेले नंबर उलटे पडून फोन भलतीकडे लागायचे. गणितवाल्यांचं त्यात काही नव्हतं. कॅशियरच्या जातीचीच माणसं म्हणायची ती. जुनी रीत मात्र तिथूनही आजवर पुरती हटलेली नाही.

११ जुलै

चेकसारखा प्रयोग मराठीत करता येईल का? येईल, आणि त्यासाठी लागणारे शब्द बालभारतीनं करून ठेवलेत. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो म्हणून ही जादाची वाट आहे. तेलुगू-कन्नडमध्ये अशीच रीत आहे याकडेही लक्ष वेधलं गेलं. कोणी ऐकलं नाही. विधानसभेतही थट्टा झाली, व्हॉट्सॲपवर तर ऊत आला होता. आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत मीही त्या वेळी भाषेच्याच बाजूनं घसा कोरडा केला होता. आता वाटतं, दोन्ही बाजू शब्दांवर भांडल्या. पोराची पेन्सिल नेमकी कुठं घसरते, हे कुणी पाहायला तयार नव्हतं.

आखणी अशी: तीच पोरं, तेवढेच कठीण आकडे. एका आठवड्यात जुन्या नावांनी, दुसऱ्या आठवड्यात 'चाळीस सात' पद्धतीनं. निम्मी पोरं आधी जुन्यानं सुरू करतील, निम्मी आधी नव्यानं. नाहीतर दुसऱ्या आठवड्यातली सुधारणा सरावाची की शब्दांची ते कळणार नाही. ही सूचना भाचीची. आमच्या ऑडिटरची आठवण झाली.

१९ जुलै

दोन्ही फेऱ्या झाल्या. आकडेमोड इथं देत नाही. पोरं मूठभर आहेत आणि टक्केवारी काढली की ती फार मोठी दिसते.

अंदाज होता तसं झालं: 'चाळीस सात' म्हटल्यावर ७४ लिहिणारं जवळपास कोणी उरलं नाही. 'क' सुद्धा सरळ लिहितो. पण दुसरीच चूक उगवली. दुसरीतल्या तिघाचौघांनी 'चाळीस सात' ऐकून ४०७ लिहिलं. चाळीस ऐकलं, ४०. सात ऐकलं, ७. ऐकलं ते जोडून टाकलं. 'एकशे पाच'ला १००५ लिहिणारी पोरं सगळ्यांनीच पाहिलेली असतात, ही त्यांचीच भावंडं. 'सत्तेचाळीस'ला मात्र ७४० कुणीच लिहिलं नाही. 'चाळीस सात' बोलायला सरळ असलं, तरी त्यात चाळीस हा पूर्ण आकडा म्हणून उभा राहतो आणि त्याचं शून्य झाकायला मूल विसरतं.

गंमत म्हणजे ४०७ उणे ४७ तीनशे साठ. यालाही नऊचा भाग जातो. शून्य जास्त पडलं किंवा अंक एक घर सरकला तरी फरक नऊच्या पटीत येऊ शकतो, हे जुन्या कॅशियरांना ठाऊक असतं. मात्र दोन अंकी आकडा उलटा पडला तर भागाकार नऊच्या वर जात नाही. इथं तो चाळीस आला. म्हणजे भाग जातो की नाही एवढ्यावर थांबायचं नाही, किती वेळा जातो तेही पाहायचं.

एक चूक मात्र नऊच्या जाळ्यात सापडतच नाही. 'एकोणपन्नास' म्हटलं की कोणी ५९ लिहितं, कोणी ५१. पहिल्यात फरक दहाचा, दुसऱ्यात दोनाचा. ५९ वाल्याला नऊ आठवतो आणि पन्नास ऐकू येतो. ५१ वाल्याला 'एक' आणि 'पन्नास' एवढंच ऐकू येतं. मराठीत ही एकोणाची रांग एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत न तुटता जाते, नव्व्याण्णवला संपते. हिंदीत ती आधीच तुटते, ८९ ला 'नवासी'. घरी हिंदी बोलणाऱ्या 'ढ'चा यात वेगळाच गोंधळ आहे, पण तो एकटाच आहे, त्यावरून काही म्हणत नाही.

२६ जुलै

या आठवड्यातलं काम सगळ्यात मोलाचं. पेन्सिली काढून घेतल्या.

बँकेतून दहाच्या नोटांचं एक बंडल आणि रुपयाची नाणी आणली होती. खेळ असा: मी आकडा सांगणार, पोरानं तेवढे पैसे माझ्यासमोर मांडायचे. जुन्या नावांनीच.

'क'ला म्हटलं, सत्तेचाळीस. त्यानं आधी सात नाणी मोजली, मग चार नोटा ठेवल्या. बरोबर. 'अठ्ठावन्न': आठ नाणी, पाच नोटा. बरोबर. 'त्रेसष्ट', बरोबर. लगेच कागद दिला, तोच आकडा सांगितला. ३६. पैसे समोर पडलेले असताना! म्हटलं, आता पैसे बघून लिही. त्यानं नोटा मोजल्या, ६ लिहिला, नाणी मोजली, ३ लिहिला. वर स्वतःच्याच आधीच्या ३६ कडे पाहून म्हणाला, "हे चुकलं न बे." (शेजारच्या पोराला, मला नाही.)

वहीत ज्यांचे आकडे उलटे पडायचे त्यांतल्या बहुतेकांचं असंच झालं. म्हणजे 'सत्तेचाळीस' म्हणजे किती, हे त्यांना कळतं. नोटांना क्रम नसतो; सात आधी ठेवले काय आणि चाळीस आधी ठेवले काय, रक्कम तीच. क्रम लागतो तो कागदावर. ऐकलेल्या शब्दापासून लिहिलेल्या अंकापर्यंत जाताना मधल्या तुकड्यात घसरण होते, आणि आपण तिथं 'दशक-एकक समजलं नाही' असा शेरा मारून गठ्ठे-काड्या पहिल्यापासून शिकवायला बसतो.

आता एकोण. 'च'ला म्हटलं, एकोणपन्नास. तिनं पाच नोटा मांडल्या. थांबली. नोटांकडे पाहत राहिली. मी काही बोललो नाही, जरा अवघडच गेलं. मग तिनं एक नोट उचलून माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आजोबा, सुटे द्या." मी दहा नाणी दिली. तिनं एक नाणं परत माझ्या हातावर ठेवलं. "हं. झाले."

वहीत हीच मुलगी ५१ लिहिते. एक कमी करायचा हे तिला माहीत होतं, पण दहाची नोट न मोडता एक कमी करता येत नाही, ही अडचण तिनं स्वतःच गाठली आणि स्वतःच सोडवली. हातचा घेऊन वजाबाकी म्हणतात ती हीच, आणि शाळेत तिला अजून ती आलेली नाही. दुसरं एक पोरगं एकोणपन्नासला चार नोटा आणि नऊ नाणी सरळ ठेवून मोकळं झालं. ते पाठांतराचं पोर. उत्तर दोघांचं एकच. मी गुण देत असतो तर 'च'ला जास्त दिले असते.

लॅटिनमध्येही एकोणीसला 'वीसातून एक' म्हणायचे असं भाची सांगते. रोमन पोरांनी काय लिहिलं असेल देव जाणे.

३ ऑगस्ट

मोठ्या माणसांवर चाचणी, निम्मी थट्टा. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ पासून मांडलेलं म्हणणं असं, की ऐकलेले शब्द आपण मनातल्या मनात घोळवून काही क्षण धरून ठेवतो. घोळवायचं थांबलं की ते निसटतात. तोंडानं दुसरंच काही बडबडायला लावलं की घोळवणं बंद पडतं. इंग्रज प्रयोगांत लोकांना 'द, द, द' म्हणायला लावतात. आम्ही सकाळी सक्करदऱ्याकडून फिरून आल्यावर पोह्यांच्या ठेल्यावर 'तर्री, तर्री, तर्री' (पोह्यांवरचा झणझणीत रस्सा) म्हणत आकडे लिहिले. तीन अंकी, मराठीत, माझ्या आवाजात, एका दमात तीन-तीन.

निवृत्त मंडळी, आयुष्यभर आकड्यांत गेलेली. तर्रीविना कुणाचं काही अडलं नाही. तर्री सुरू झाल्यावर तिसरा आकडा बहुतेकांचा गेला, आणि दोघांनी मधले अंक उलटे लिहिले. एक जण म्हणाले, "हे काही खरं नाही, पोहे थंड झाले म्हणून."

वेल्श मुलखात एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये दाखवलं की वेल्श अंकांची नावं म्हणायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि म्हणून वेल्शमध्ये एका दमात कमी अंक लक्षात राहतात, माणूस तोच असला तरी. अंक धरून ठेवायची जागा आधीच चिंचोळी. त्यात दुसरीतल्या पोराला सत्त, चाळीस, अदलाबदल आणि शिवाय ४ चा आकार हे सगळं एकदम मावायला हवं.

१४ ऑगस्ट

पाचवी ते सातवीच्या पोरांना हेवा वाटला, त्यांनाही काहीतरी हवं होतं. त्यांना नऊचा नियम दिला. खोट्या व्हाउचरांचा गठ्ठा, एक बेरीज, एक चुकीची बेरीज, चूक शोधा. दोन दिवसांत तरबेज झाली. 'य'ला तर फरक ऐकल्या ऐकल्या 'चाराचा फरक शोधा रे' म्हणायची सवय लागली.

मग मी मुद्दाम फरक दहाचा ठेवला. सगळी बराच वेळ उलटे अंक शोधत बसली. नऊनं भाग जात नाही हे त्यांनीच काढलं होतं, तरीही. नियम एकदा हाताला लागला की डोळे त्याच्याच मागे जातात.

यावर लचिन्स या मानसशास्त्रज्ञाचा १९४२ चा प्रसिद्ध प्रयोग आहे, तो करून पाहिला. तीन भांडी, त्यांची मापं दिलेली, ठरावीक पाणी मोजून काढायचं. २१, १२७ आणि ३ ची भांडी, हवेत १००. मोठं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा काढायचं: १२७ – २१ – ३ – ३. अशी पाच गणितं ओळीनं याच रीतीची. मग सहावं: २३, ४९, ३, हवेत २०. पोरांनी सरसकट ४९ – २३ – ३ – ३ केलं. उत्तर बरोबर आहे, पण २३ मधून ३ काढले की काम होतं! क्लासमुळे उशिरा आलेल्या सहावीतल्या एका पोरानं नेमकं हे गणित पहिलंच पाहिलं आणि बसता बसता म्हणाला, "तेवीस वजा तीन, त्यात काय?" बाकीच्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

पुढचं २८, ७६, ३, हवेत २५. इथं लांबची रीत चालतच नाही. 'य' अडला. सोपं उत्तर समोर असूनही अडला. लचिन्सनं काही जणांना मधेच कागदावर 'आंधळे होऊ नका' असं लिहायला लावलं होतं म्हणे. मी नुसतं म्हटलं, "बाबू, पाणी प्यायला जाऊन ये." आल्यावर सुटलं. हे काही शास्त्र नाही.

लहानांच्या प्रकल्पाशी याचा संबंध एवढाच: पोराला 'पहिलं ऐकू येईल ते पहिलं लिहायचं' ही जी रीत लागलीय, तिचा उपयोग मोबाइल नंबरपासून शब्दलेखनापर्यंत सगळीकडे होतो. ती रीत वाईट नाही. फक्त आकड्यांच्या नावांशी गाठ पडली की ती पडते.

३१ ऑगस्ट

मारबत, तान्हा पोळा आटोपले, गणपती बसले. हजेरी निम्मी. थोडक्यात.

सेमी-इंग्रजीची पोरं वेगळी ठेवावी लागणार. त्यांच्यात उलटापालट कमी आहे, कारण त्यांना 'सत्तेचाळीस' हा शब्दच नीट येत नाही. "म्हणजे फॉर्टी सेव्हन ना, आजोबा?" विचारून घेतात आणि मग लिहितात. पाढे 'टू टू जा फोर' वाले. स्पेल्की आणि त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की नेमकी आकडेमोड ज्या भाषेत शिकवली त्याच भाषेत ती चटकन निघते. अंदाजाच्या उत्तरांना भाषेनं फरक पडत नाही. बुधवारच्या बाजारात हे दर वेळी दिसतं. भाजीवाला 'पावणेदोनशे' म्हणतो, पोरगं आईकडे बघतं. पण दोनशेची नोट पुरेल का विचारा, 'हो' म्हणेल.

पावकी, दीडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे पाव, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे) पाठ असणारे आता आमच्या वयाचेही थोडेच. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, पण त्या भावनेला या प्रकल्पात जागा नाही.

१३ सप्टेंबर

गेले काही आठवडे दोन गोष्टी चालू ठेवल्या. एक, शब्द संपेपर्यंत पेन्सिल टेबलावर. दोन, लिहिण्याआधी मोठ्यानं पुटपुटायला पूर्ण परवानगी, आणि पुटपुटायचं ते लिहायच्या क्रमानं: 'सत्तेचाळीस... चार नोटा, सात सुटे.' पुटपुटणं शाळेत चालत नाही, 'तोंड बंद' होतं. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३४ च्या पुस्तकात लिहिलंय की मूल अडलं की स्वतःशी जास्त बोलतं, आणि हेच बोलणं पुढे आत वळून विचार होतं. ओठ हलवणारा 'ट' पहिल्या दिवसापासून बरोबर लिहीत होता, ते उगाच नव्हतं.

'क'चे उलटे आकडे आता क्वचित. घाई केली की पुन्हा येतात. 'च' अजून डावीकडे जागा सोडून लिहिते. दोन अंकी आकड्यात चालतं, 'दोनशे सत्तेचाळीस'ला २ लिहून मधे जागा सोडते, ७ लिहिते, मग ४ कोंबते. तिला मी बदलायला सांगितलेलं नाही. पुढे कॅल्क्युलेटर, मोबाइल आला की तिथं जागा सोडता येत नाही, तेव्हा बघू. एकोणाचं काम अर्धवट आहे. नोटा समोर असल्या की येतं, नसल्या की ५१ आणि ५९ परत.

जी पोरं 'चाळीस सात'नं शिकली त्यांनी ४०७ लिहू नये म्हणून पुठ्ठ्याची पानं केली आहेत: ४० चं लांब पान, त्याच्या शून्यावर बसेल असं ७ चं आखूड पान. एककांची नऊ, दशकांची नऊ, शतकांची नऊ. सीताबर्डीच्या प्रिंटरनं कापून द्यायचं कबूल केलंय, गणपतीच्या पावत्यांमुळे काम मागं पडलं होतं.

काल 'क'ची आई आली होती. "आजोबा, एक सांगा. घरी म्या त्याले सत्तेचाळीस शिकवू का चाळीस सात?"

म्हटलं, सत्तेचाळीसच म्हणा. दुकानात, बसमध्ये, तुमच्या तोंडी तोच शब्द आहे, त्याला तो यायलाच हवा. फक्त म्हटल्यावर लगेच लिहायला लावू नका. आधी पैसे मांडू द्या.

"आन् शाळेत? तिथं बाई धडाधड सांगते. पोरानं पेन्सिल खाली ठेवली तं पुढचा आकडा जाते."

हा प्रश्न वहीत लिहून घेतला. सोमवारी वेग वाढवून पाहणार आहे: आधी दोन आकड्यांमध्ये दहा सेकंद, मग सात, मग पाच, आणि कुठल्या वेगाला 'क'ची पेन्सिल पुन्हा घाई करते ते नोंदवायचं. भाचीनं स्टॉपवॉच वापरायला सांगितलंय. माझ्या हातातल्या घड्याळाला सेकंदकाटा आहे, तो पुरेल.